मांगूर आपला, बियाणे परके
(कन्नड येथील तालुका बैठकीतील भाषण)



आज आल्याच्या भावावर बोलायचे नाही, मक्याच्या भावावरही नाही. आज माशावर बोलायचे आहे. हसू नका. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि गावोगाव तळी झाली. पाणी साठले, तर त्यात चार मासे सोडावेत असे कोणालाही वाटणारच. बैठकांत आम्हाला सारखा एकच प्रश्न येतो, "साहेब, मांगूर सोडू का? टेम्पोवाला स्वस्तात बोटुकली देतो. सहा-आठ महिन्यांत किलोचा होतो म्हणतो."

याचे उत्तर सरळ आहे. टेम्पोत आहे तो आपला मांगूर नाही.

मिशा असलेल्या, बिनखवल्याच्या माशांचे हे मोठे घराणे आहे. शिवडा त्यातला, शिंगटा त्यातला, मांगूरही त्यातलाच. मिशा शोभेच्या नाहीत. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, तिथे हा मासा मिशांनी चाचपून, चव घेऊन अन्न शोधतो. मांगुराची आणखी एक गंमत आहे. त्याच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा लाल अवयव असतो. त्याने तो हवेतला प्राणवायू घेतो. म्हणून तळे आटत आले, पाणी कुजत चालले, तरी रोहू-कटला मरतात आणि मांगूर तगतो. आपल्या मे महिन्याच्या तळ्याला हा मासा खरोखर सोयीचा आहे.

मग अडचण कुठे? अडचण जननात आहे. देशी मांगूर वर्षातून एकदा, पावसाळ्यात, उथळ पाण्याच्या काठाला भोक करून अंडी घालतो आणि नर त्यांची राखण करतो. मादीची अंडी काही हजारांतच असतात. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली कटक येथे पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन करून दाखवले. त्याच वाटेने पुढे मांगुराचेही बीज तयार करता येऊ लागले. पण रोहूच्या नर-मादीला इंजेक्शन देऊन टाकीत सोडले की काम होते, तसे इथे होत नाही. मांगुराच्या नराचे पोट दाबून वीर्य निघत नाही. नर मारून वृषण काढावे लागते. म्हणजे दर हंगामाला नवे नर हवेत. म्हणून देशी बीज थोडे आणि महाग.

या टंचाईत शिरला तो आफ्रिकी मांगूर. थायलंडहून बांगलादेशात आणि तिथून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चोरवाटेने भारतात आला, म्हणून बाजारात नाव पडले थाई मांगूर. त्याची मादी देशीपेक्षा कितीतरी पटीने अंडी देते. खाटीकखान्याची घाणही त्याला चालते. केंद्र सरकारने १९९७ साली त्याच्या पालनाविरुद्ध आदेश काढले. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्याचे साठे नष्ट करण्यास सांगितले. तरी टेम्पो येतोच.

कोणी म्हणेल, परदेशी म्हणून विरोध काय? तसे आमचे मुळीच म्हणणे नाही. आपला मका परदेशी, मिरची परदेशी. पण मका बांधावरून उतरून नदीत जात नाही. हा मासा जातो. हवेत श्वास घेतो म्हणून ओल्या जमिनीवरून सरपटतो. पावसात तळे ओसंडले की नाल्यात, नाल्यातून शिवनेत, शिवनेतून थेट नाथसागरात. कन्नडच्या तळ्यातली चूक पैठणला पोहोचते.

पोहोचल्यावर काय होते तेही दिसलेले आहे. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात हा मासा शिरला. तिथे त्याने पाणपक्षी खाल्ल्याच्याही नोंदी आहेत. थायलंडमध्ये तिथल्या देशी मांगुराचा याच्याशी संकर करून शेती झाली, संकरित मासे निसटले आणि रानातल्या देशी माशात आफ्रिकी अंश शिरल्याचे संशोधकांनी दाखवले. आपला मांगूर आणि शिवडा आधीच जागतिक पातळीवर धोक्यातल्या माशांच्या यादीत आहेत. नाथसागरावर जाळे टाकून पोट भरणारे भोई बांधव आपलेच आहेत. आपल्या चार पैशांसाठी त्यांचे जाळे रिकामे करायचे का?

पण नुसती बंदी हे उत्तर नव्हे. बंदीने टेम्पो थांबला नाही, कारण शेतकऱ्याची गरज खरी आहे. ज्याला चांगले बियाणे मिळत नाही तो बोगस घेतो, हे आपण कापसात पाहिले आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत देशी मांगुराच्या बीजाचे तंत्र आहे. ते शास्त्र तालुक्याच्या बीज केंद्रापर्यंत यायला हवे. शास्त्रज्ञाने शोधले, सरकारने छापले आणि शेतकऱ्याला मिळाला टेम्पो, ही रीत मोडली पाहिजे.

म्हणून आजच्या बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो.

एक, पावती आणि केंद्राचे नाव नसलेले मांगुराचे बीज घ्यायचे नाही. लहान बोटुकली पाहून देशी-परकी ओळखणे जाणकारालाही अवघड जाते. तेव्हा ओळखण्याच्या भरवशावर राहू नका, बीज कुठून आले ते विचारा.

दोन, ज्यांच्या तळ्यात तो आधीच आहे त्यांनी घाबरू नये, पण तळे नाल्यात रिकामे करू नये. सांडव्याला बारीक जाळी लावा, पाऊस सुरू होण्याआधी तळे उपसा आणि मत्स्यव्यवसाय खात्याला कळवून मासे नष्ट करा. ज्याला फसवून बीज विकले त्याला गुन्हेगार ठरवू नये, अशी मागणी आपण लावून धरू.

तीन, देशी मांगुराचे बीज जिल्ह्यात तयार व्हावे असा ठराव करून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्यायचा. तोवर तळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडा. त्यांचे बीज सहज मिळते.

आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा माशाचा धडा नव्हता. तळे झाल्यावर आम्हीही शिकलो. तुम्हीही शिका, आणि शेजारच्याला सांगा.

जय बळीराजा!