फलंदाजाचें शिरस्त्राण

१९६२ सालीं ब्रिजटाऊन येथें बार्बाडोसविरुद्ध खेळतांना भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या मस्तकावर ग्रिफिथचा वेगवान चेंडू आदळला व कवटी भंगली. वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल यानें त्यांच्यासाठीं रक्त दिलें. शस्त्रक्रियेनें प्राण वांचले. परंतु कॉन्ट्रॅक्टरांना पुन्हां कसोटी सामना खेळतां आला नाहीं.

त्या काळीं फलंदाजाला शिरस्त्राण ठाऊक नव्हतें. १९७८ सालीं त्याच ब्रिजटाऊनला ग्रॅहॅम यॅलपनें कसोटींत तें प्रथम घातलें, तेव्हां प्रेक्षकांनीं त्याची हुर्यो उडविली. पुढें तें सर्वत्र रूढ झालें. तरीहि २०१४ सालीं फिलिप ह्यूज शिरस्त्राण असतांनाच दगावला, कारण चेंडू मानेच्या उघड्या भागावर बसला होता. त्यानंतर मागील बाजूस मानेचें कवच जोडण्यांत येऊं लागलें. ऑक्टोबर २०२३ पासून ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळानें आपल्या खेळाडूंना वेगवान गोलंदाजीपुढें तें सक्तीचें केलें.

शिरस्त्राणाचें आंतील अस्तर स्वतः दबून आघात शोषून घेतें. जबर तडाखा बसल्यावर तें निकामी झालेलें असूं शकतें, मग वरून तडा दिसो वा न दिसो. असें शिरस्त्राण धाकट्या भावासाठीं जपून ठेवण्याची काटकसर कोणत्याहि घरानें करूं नये.