आधी खराटा, मग बडग्या

डॉक्टरकी सोडून कलेकडे वळलेल्या सुबोध केरकरांनी गोव्यातल्या साळगावात फुलांचा एक गालिचा अंथरला होता. फुलं होती टाकून दिलेल्या सुमारे दीड लाख प्लॅस्टिकच्या बाटल्यांची. रस्त्यात पडलेली एक बाटली आपण सहज ओलांडतो. दीड लाख एका जागी दिसल्या की थांबावंच लागतं.

आपल्या दर्यापुरातही असं काही व्हावं, असं मला मनापासून वाटतं. आपला मुलूख खारपाणपट्ट्यातला. पाणी खारं, म्हणून लग्नाच्या पंगतीला विकतचं पाणी येतं आणि मागे बाटल्यांचा, पाउचांचा ढीग उरतो. पावसाळ्यात तोच ढीग नाल्यांतून आपल्या चंद्रभागा नदीत आणि पुढे पूर्णेत जातो. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकबंदी आहे, तरी पातळ पिशवी हातात येतेच.

पण ही कला करायची कोणी? गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव इथून जवळच. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनाला उभं राहायचं. ज्यांनी दिवसा त्यांना घाण उपसताना पाहिलं, तीच माणसं रात्री समोर बसत. म्हणून त्यांचं बोलणं आत उतरायचं. बाहेरून कलाकार बोलावून चौकात बाटल्यांचा हत्ती उभा केला, तर फोटो निघतील, नदीकाठ मात्र तसाच राहील. ज्यांनी काठ वेचला, चिखलातली पिशवी ओढून काढली, धुतली, त्यांच्याच हातून ते शिल्प घडावं.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीसोबत बडगे निघतात. समाजाला छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे करून मिरवायची ही विदर्भाचीच रीत. आपण प्लॅस्टिकचा बडग्या करू, भर बाजारातून फिरवू. फक्त रिवाजाप्रमाणे त्याला शेवटी जाळायचं नाही. प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो, मिरवणुकीतल्या पोरांच्याच छातीत जाईल. नंतर सोडवता यावा म्हणून तो सुतळीनं बांधावा, रंग-डिंक लावू नये. मिरवणूक संपली की सोडवून बाटल्या भंगारवाल्याला द्याव्यात.

चिप्सच्या चकचकीत पुड्या मात्र भंगारवाला सहसा घेत नाही. त्या वेगळ्या भराव्यात, पोतं नगरपरिषदेत न्यावं आणि याचं पुढे काय करणार, ते सगळ्यांनी मिळून विचारावं. पुड्यांवर कंपन्यांची नावं छापलेली असतात. त्यांनाही पत्र लिहावं.