हिटर लावला अन् घसा सुकला

अल्लीपूरहून बोलतोय. आजचा विषय, हिवाळ्यात दवाखान्यातली हवा. सेवाग्रामला नाहीतर हिंगणघाटला कोणाजवळ रात्रभर थांबायची वेळ आली, तर हे कामात येईल.

आपल्याकडे कापसाचा ओलावा सगळ्यांना कळतो. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 च्या वर गेला की सीसीआय घेत नाही. हवेच्या ओलाव्याचं मात्र आपण कधी पाहत नाही.

समजा पहाटे बाहेर 12 अंश आहे आणि फोनवरचं ॲप ह्युमिडिटी 60 टक्के दाखवतंय. हा आकडा बाहेरचा, खोलीतला नाही. 12 अंशाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त साडेदहा-अकरा ग्रॅम वाफ धरते. तिच्यात आहे साधारण साडेसहा ग्रॅम. तीच हवा खोलीत आली, हिटरनं 24 अंश झाली, की तिची क्षमता होते जवळपास 22 ग्रॅम. वाफ तेवढीच, छेद दुप्पट! म्हणजे 60 चे झाले 30. हिटरनं पाणी काढून नेलं नाही, हवेची तहान वाढवली. मग ती हवा पाणी ओढते ओठांतून, डोळ्यांतून, घशातून.

आपलं नाक हवा गरम आणि ओली करून आत पाठवतं. फुफ्फुसात पोचेपर्यंत ती 37 अंश आणि पूर्ण ओली झालेली असते. कोरड्या हवेत नाकाचं काम वाढतं. त्यात पाणी कमी प्यायलं तर कफ घट्ट होतो, आणि म्हाताऱ्या माणसाला तो खोकून काढणं लई जड जातं. गळ्यात नळी असेल तर हवा नाकातून जातच नाही, म्हणून तिथं ओलाव्याची वेगळी सोय करावी लागते.

मग ओलावा भरपूर वाढवायचा का? नाही. जास्त झाला की बुरशी धरते. ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा 20 ते 60 टक्क्यांच्या आतच ठेवतात.

आता जनरल वॉर्ड. तिथं बहुतेक वेळा हिटर नसतो, पण थंडी म्हणून सगळ्या खिडक्या बंद. मग श्वासांनी हवा दमट होते, कोंदते, आणि टीबी-फ्लूचे जंतू तिथंच फिरत राहतात. इथं त्रास कोरडेपणाचा नाही, कोंडलेल्या हवेचा आहे.

म्हणून चार गोष्टी. एक, खोली तापवण्यापेक्षा पेशंटला ऊब द्या : स्वेटर, मोजे, कानटोपी. दोन, खिडकी थोडी उघडी राहू द्या. झोत अंगावर येत असेल तर पलंग सरकवायला सिस्टरला विचारा. तीन, डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं नसेल, तर घोट घोट पाजत राहा. चार, घरचा ह्युमिडिफायर वॉर्डात नेऊ नका, त्याच्या टाकीत जंतू वाढतात. ऑक्सिजनच्या बुडबुड्यांच्या बाटलीतही प्यायचं पाणी ओतू नका, तिथं निर्जंतुक पाणीच लागतं. कमी दिसलं तर सिस्टरला सांगा.

घरचं कोणी आज दवाखान्यात थांबणार असेल, तर हा एपिसोड त्यांना पाठवा. काळजी घ्या, भेटूच!