दहा मिनिटांचे चारशे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. स्वयंपाकघरात सिंकखालचा कॉक गळायला लागला. पुण्यात आमच्या सोसायटीत बरीच वर्षं येणारे एक प्लंबर आहेत. लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणतात. मामा आले, सिंकखाली वाकले, जुना कॉक काढला, टेप गुंडाळून नवा बसवला. जेमतेम दहा मिनिटं लागली असतील. कॉकचे पैसे वेगळे आणि मजुरी ४०० रुपये. ‘‘दहा मिनिटांचे चारशे?’’ असं म्हणून मी त्यांच्या हातावर अडीचशे टेकवले. मामा काही बोलले नाहीत. पिशवी उचलून गेले. दीडशे रुपये वाचवल्याचा आनंद मला दिवसभर पुरला.

महिन्याभरानं बाथरूमची भिंत ओली दिसायला लागली. मामांना फोन केला. ‘‘आज नाही जमायचं काकू.’’ दुसऱ्या दिवशीही नाही जमलं. मग वॉचमननं कुणाला तरी आणलं. त्या गृहस्थांनी छिन्नी-हातोडा घेतला आणि गळती शोधता शोधता नऊ टाइल्स फोडल्या. खर्च साडेचार हजार. त्या रंगाच्या टाइल्स आता बाजारात मिळत नाहीत, त्यामुळे निळ्या भिंतीत नऊ पांढऱ्या चौकटी बसल्या आहेत. रोज आंघोळ करताना माझे ते दीडशे रुपये मला दिसतात.

पुढे मामा हार्डवेअरच्या दुकानात भेटले. मी जरा ओशाळूनच विषय काढला. ते म्हणाले, ‘‘कालचंच सांगतो काकू. चार फोन होते. एका ठिकाणी कुलूप. दुसऱ्या घरी, साहेब आल्यावर या. तिसऱ्या ठिकाणी पार्टसाठी दुकानात दोन हेलपाटे, तरी बाई म्हणतात काम तर अर्ध्या तासाचं. चौथ्याचं काम झालं, पैसे पगार झाल्यावर.’’ म्हणजे दिवसभरात पैसे हातात आले ते एकाच कामाचे. पेट्रोल त्यांचं, पाने-पकडी त्यांच्या, ताप आला तर खाडाही त्यांचाच. मी तीस वर्षं नोकरी केली, पगारी रजा घेतल्या. हा हिशेब माझ्या कधी डोक्यात आला नव्हता.

तेव्हापासून मी फोनवरच विचारते, ‘नुसतं बघायला यायचे किती? काम केलं तर ते मजुरीत धरणार की वेगळे?’ विचारायला संकोच वाटतो, पण दारात घासाघीस करण्यापेक्षा ते बरं.

मोठं काम निघालं की दुसरा प्रश्न येतो: उक्तं द्यायचं की रोजानं? आमच्या बाथरूमच्या वेळी गवंड्यानं रोजाचे हजार आणि बिगाऱ्याचे सातशे सांगितले होते. तुमच्याकडे वेगळे असतील. एकाच शहरात दोन वस्त्यांत दर वेगळे असतात. रोजानं दिलं की काम लांबतं, उक्तं दिलं की उरकतं, असं आपल्याकडे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. माझं मत असं, की भिंतीत काय निघेल हे ठाऊक नसलेली तोडफोड रोजानं द्यावी आणि मोजता येईल ते उक्तं द्यावं. न दिसणाऱ्या कामाचा उक्ता भाव कारागीर एक तर भीतीनं वाढवून सांगतो, नाही तर कमी सांगून मध्येच अडकतो, आणि दुसऱ्या प्रकारात आपणही त्याच्याबरोबर अडकतो.

मोजण्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात ती रंगकामात. दहा बाय बाराची खोली आपण १२० चौरस फूट म्हणतो, पण रंगारी काही जमीन रंगवत नाही. चारी भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, उंची दहा फूट, म्हणजे भिंती ४४० आणि छत १२०, एकूण ५६० चौरस फूट. फुटाला चौदा रुपये दर धरला तर एका खोलीचे ७,८४० होतात. १२० च्या हिशेबानं मनात सतराशे धरून बसलेल्या माणसाला हा आकडा लूटमार वाटतो. दार-खिडक्यांचं माप वजा करणार का, घासकाम-लांबी-प्रायमर दरात आहे का आणि हात किती मारणार, हे आधी विचारावं. ‘रंगाचा दर अमुक’ या वाक्याला त्याशिवाय काहीच अर्थ नाही.

सुताराचं गणित आणखी फसवं. सात फूट उंच, चार फूट रुंद कपाटाचं समोरचं माप २८ चौरस फूट. प्लायवूडचा आठ बाय चारचा पत्रा ३२ फुटांचा. मग एका पत्र्यात कपाट व्हायला हवं, नाही का? माझ्या जाऊबाईंनी सुताराला हेच ऐकवलं होतं. पण दोन फूट खोलीच्या दोन बाजूंना २८ फूट जातात, वर-खाली मिळून १६, चार फळ्यांना ३२, दारांना २८. झाले १०४, म्हणजे तीन पत्र्यांहून जास्त, आणि पाठीमागचं पातळ प्लाय, ड्रॉवर, कापण्यात वाया जाणारे तुकडे वेगळेच. बिचारा सुतार चार पत्रे मागत होता आणि घरात त्याच्यावर चोरीचा संशय.

सगळे कारागीर साधेभोळे असतात असंही मी म्हणणार नाही. दुकानदाराकडून कमिशन घेणारे असतात. उचल घेऊन दुसऱ्या साइटवर पसार होणारेही भेटले आहेत. म्हणून माल शक्यतो स्वतः बरोबर जाऊन, पक्की पावती घेऊन आणावा. उचल पहिल्या टप्प्यापुरतीच द्यावी. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग असेल तर टाइल्स बसवण्याआधी पाणी साठवून निदान दिवसभर ठेवायचं, खालच्यांच्या छताला ओल येत नाही हे बघायचं आणि मगच तो हप्ता द्यायचा. हे काम सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असावं. काम संपल्यावर आठवलेली अट म्हणजे पैसे बुडवायचा बहाणा, असं त्यांना वाटतं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं.

आणखी एक न दिसणारा खर्च म्हणजे राडारोडा. आमच्या सोसायटीत सिमेंट-वाळू लिफ्टमधून न्यायला बंदी आहे. चौथ्या मजल्यावर पोती जिन्यानं चढवायची आणि फोडलेलं खाली उतरवायचं, त्याची मजुरी मूळ कामात नव्हती. टेम्पोचं भाडं निराळं. नोंदणीकृत कंत्राटदार असेल तर त्याच्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, हेही विचारायचं राहून जातं. वायरिंगच्या बाबतीत मात्र मी स्वस्त-महाग बघत नाही. मेन स्विच, अर्थिंग किंवा घरभरच्या वायरी बदलायच्या असतील, तर परवानाधारक वीज कंत्राटदाराकडूनच करून घेते.

यंदा दिवाळीआधी घराला रंग दिला. टेप घेऊन मी स्वतः सगळ्या खोल्या मोजल्या आणि कालनिर्णयच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. माझं माप १,९४० आलं, रंगाऱ्याचं २,०१०. सत्तर फुटांचा फरक. दोघांनी मिळून पुन्हा मोजलं, मध्ये एकदा चहा झाला. बाल्कनीची आतली बाजू मीच विसरले होते. आकडा ठरला, तो त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवला आणि काम संपल्यावर तेवढेच पैसे घेतले.

मामा आता माझा फोन उचलतात. परवा गीझरचा पाइप बघायला आले होते. त्या नऊ पांढऱ्या टाइल्सकडे त्यांनी एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाना मागितला.