रोजची पिशवी



विषय साधा आहे, पण बोलणे आवश्यक वाटते. कॉलेजची पिशवी आपण जाण्यापुरती भरतो. ती परत येण्यासाठीही भरावी.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद झाल्या. मेट्रो तर २०१४ साली आली. मी दहावीत होतो. भाईजान अंधेरीहून घाटकोपरला पायी निघाले, ते सकाळी पोहोचले. वह्यांचा लगदा झाला होता. मोबाईल भिजून बंद, आणि शेजाऱ्यांचा नंबर पाठ नव्हता. अम्मी रात्रभर दारात बसून होत्या.

म्हणून पावसाळ्यात वह्या आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, मग सॅकमध्ये. दोन नंबर कागदावर लिहून ठेवा. मूठभर चणे असू द्या. पाणी हवेच, पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन! शाळेच्या दप्तरासाठी २०२० च्या धोरणाने मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा सांगितली. कॉलेजच्या सॅककडे कोण पाहतो? रात्री वेळापत्रक पाहून उद्याचीच पुस्तके घ्या.

मूळ गुणपत्रिका व दाखले रोज बाळगू नका, झेरॉक्स पुरते. पास आणि ओळखपत्र आतल्या कप्प्यात ठेवा. गर्दीत सॅक छातीशी धरा.

पालकहो, सॅकचा रंग पाहण्याआधी पट्ट्यांची शिवण ओढून पाहा. माझ्या सॅकचा पट्टा स्टेशनच्या पुलावर तुटला आणि डब्यातली डाळ निबंधाच्या वहीत गेली. तेव्हापासून माझा डबा वेगळ्या पिशवीत असतो.