दहावीचा खेळाचा तास

(शारीरिक शिक्षण शिक्षकांचे अधिवेशन, सणसवाडी : अध्यक्षीय भाषण)



  

‘ग्रामीण माध्यमिक शाळा : अभ्यास आणि खेळ’ या विषयाचा आढावा घ्या, असं मला पत्रानं कळवलं होतं. घेते. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात आणि खालच्या पायऱ्या नेमक्या पावसात येतात. प्रवासखर्चाचं बिल मंजूर होईतो संघातली मुलं कॉलेजात गेलेली असतात. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला मैदान सांगितलं आणि सहावी ते आठवीत शंभरावर पोरं असतील तर शारीरिक शिक्षणाला एक अर्धवेळ निदेशक. अर्धवेळ! पोराचं शरीर मात्र दिवसभर वर्गात असतं. झाला आढावा. आता मला जे बोलायचंय ते बोलते, कारण हा माईक हातात यायला फार वर्षं लागली.

मला दहावीच्या तासाविषयी बोलायचं आहे. आपल्या तासाविषयी.

तो वेळापत्रकात असतो. तपासणीला साहेब आले की ऑफिसातल्या फळ्यावर तो त्यांना दिसतो. जूनमध्ये तो होतोसुद्धा. गणपती उठले की पातळ होतो आणि दिवाळीनंतर नाहीसा होतो. विज्ञानाचे सर दारात येऊन उभे राहतात. पुस्तक मिटलेलं, पण बोट ‘प्रकाशाचे अपवर्तन’च्या पानात अडकवलेलं. “मॅडम, आजचा तास द्या, एवढा धडा उरकतो.” माणूस सज्जन, नाही कसं म्हणायचं? पुढच्या आठवड्यात गणित येतं, मग इंग्रजी. उभ्या नोकरीत एकदाही कुणी येऊन म्हणालं नाही, की मॅडम, पोरं पेंगायला लागलीत, आज माझा तास तुम्ही घ्या.

वर्षअखेर होतं काय? आपला विषय श्रेणीचा. न झालेल्या तासांची श्रेणी भरायची. वर्गाला सरसकट ‘अ’. ज्या पोरीनं वर्षभरात मैदानाला पाय लावला नाही, तिलाही ‘अ’. मराठीच्या शिक्षकानं एकही निबंध न तपासता सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले तर चौकशी लागेल. आपल्या रकान्याची चौकशी कुणी करत नाही. माझा राग साहेबांवर कमी आणि त्या रकान्यावर मुकाट सही करणाऱ्या आपल्या जमातीवर जास्त आहे.

आता याचा हिशेब कुठं चुकता होतो ते सांगते. इथून नगर रस्त्याला लागा, शिक्रापूरकडे किंवा कोरेगावकडे, पहाटे पाचला. कंपन्यांच्या बसगाड्या सुटायच्या आत रस्त्याच्या कडेनं पोरं-पोरी पळताना दिसतील. ही भरतीची मुलं. पोलीस भरतीत पन्नास गुणांचं ग्राउंड असतं : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याला वीस गुण, १०० मीटरला पंधरा, गोळ्याला पंधरा. निम्मे गुण पडले नाहीत तर लेखीला बसताच येत नाही. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत. तिथल्या भरतीत तर पाच किलोमीटर पळावं लागतं. यासाठी आईबाप अकॅडमीला पैसे भरतात. म्हणजे पंधराव्या वर्षी जे फुकट मिळत होतं ते आपण बंद केलं, आणि तेच एकोणिसाव्या वर्षी ट्रकच्या धुरात विकत घ्यायला लावलं.

घोडनदीकाठच्या एका वस्तीवरची मुलगी माझ्याकडे होती. आठशे मीटरला नववीत विभागापर्यंत गेली. शेवटच्या वळणावर बाकीच्या पोरी मान वाकडी करायच्या, ही करायची नाही. दहावीला वडील शाळेत आले. हात जोडून म्हणाले, “बाई, बोर्डाचं वर्ष हाये. औंदा पळणं नको.” मुख्याध्यापकांनी त्यांना बसवून चहा पाजला आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोरगी चांगल्या गुणांनी पास झाली, निकालाच्या फलकावर फोटो लागला. चार वर्षांनी ती घरी आली. भरतीचा फॉर्म भरलेला. म्हणाली, धावण्याचं जमतंय, गोळा जात नाही. चार किलोचा गोळा तिला क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकायला कुणीतरी शिकवलं होतं. कोपर सुजून आलं होतं. मी तिला अंगणात उभं केलं. गोळा तळहातावर नाही, बोटांच्या मुळाशी. मानेला टेकवायचा, हनुवटीखाली. कोपर उचललेलं. जोर पायातून येतो, हात शेवटी. तास-दीड तास लागला असेल. तेवढंच शिकवायला दहावीत किती तास लागले असते? दोन. अपवर्तनाचा धडा बुडाला नसता.

सकाळच्या सत्रात क्रीडागुणांवरून बरीच हमरीतुमरी झाली. एक बाजू म्हणाली, सवलतीचे गुण बंद करा, खोटी प्रमाणपत्रं निघतात. दुसरी म्हणाली, मग पालक मैदानावर पाठवणारच नाहीत. मी एवढंच सांगते, सवलतीच्या गुणांसाठी आलेली मुलं फॉर्म भरला की दिसेनाशी होतात. जे टिकले, त्यांना गुणांची सवलत आहे हे मीच सांगितलं. गुण ठेवा नाहीतर काढा, तास मात्र भरवा. मॅट की माती, यावरही वाद झाला. आमचा कबड्डीचा संघ पहिल्यांदा जिल्ह्याला मॅटवर उतरला तेव्हा पोरांकडे बूट नव्हते. बाहेरच्या संघाकडून मागून घातले आणि पहिल्याच चढाईत आमचा चढाईपटू घसरून पडला. वादाची गंमत अधिवेशनात आहे. शाळेत प्रश्न बुटांचा असतो.

एक मुद्दा सकाळी कुणी काढला नाही. सणसवाडी आता निव्वळ शेतीचं गाव राहिलेलं नाही. कंपन्या आल्या, गुंठ्याचे भाव कुठल्या कुठं गेले, आणि शाळेच्या पटावर मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-उत्तर प्रदेशातली मुलं आली. बापाची शिफ्ट, आईची शिफ्ट, दहा बाय दहाची खोली. असा एक मुलगा वर्गात तोंड उघडत नव्हता. कवायतीला मी त्याला पुढं काढलं आणि आकडे द्यायला लावले. एक-दोन-तीन-चार, चार-तीन-दोन-एक. आवाज असा, की ऑफिसातून शिपाई बघायला आला. त्यानंतर मराठीच्या बाई त्याला वाचायला उभं करू लागल्या. अशा मुलाला चाळीत खेळायला जागा नाही, रस्त्यावर कंटेनर. शाळेचं मैदान ही त्याची एकमेव मोकळी जागा आहे, आणि त्यावरही लग्नाचे मांडव, गाड्यांचं पार्किंग, नव्या खोल्या. मैदान कमी झालं की ते परत वाढत नाही, एवढं व्यवस्थापनानं ध्यानात घ्यावं.

आपल्याला फलकावर मोठी नावं लिहायला आवडतं. माणच्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. आष्टीच्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात गेला आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसहून कांस्य घेऊन आला. लिहा जरूर. पण मला एका प्राचार्याचं नाव जास्त महत्त्वाचं वाटतं. खाशाबा जाधवांना १९५२ला हेलसिंकीला जायचं होतं, पैसे नव्हते. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. आता १५ जानेवारीला, खाशाबांच्या जन्मदिवशी, आपण राज्य क्रीडा दिन साजरा करतो. हार घालतो, भाषणं करतो आणि त्याच दिवशी दहावीचा खेळाचा तास सराव परीक्षेला देतो. माझ्या मुख्याध्यापक बंधूंनो, घर गहाण ठेवू नका. आठवड्यातले दोन तास सोडवा.

निकालाचं दडपण मला कळतं. शंभर टक्क्यांचा फलक गेटवर लागला नाही तर पालक पोरं उचलून दुसऱ्या शाळेत नेतात. तरी उपाय काढता येतो. दहावीचा आपला तास दुपारच्या सुट्टीला जोडून लावावा, म्हणजे तो मागायला कुणी दारात येणार नाही. श्रेणीसोबत प्रत्येक मुलाची ८०० मीटरची वेळ लिहिलेली एक वही शाळेत असावी. अकॅडमीवाल्यांशी भांडावं की त्यांना शाळेत बोलवावं, याचा विचार एका छोट्या समितीनं करावा. समितीत कोण असावं ते कार्यकारिणी बघेल. बुटांसाठी कंपन्यांकडे जायचं आहे, त्याचं पत्र कुणीतरी चांगल्या अक्षरात लिहा.

ठराव माझ्या हातात आहे : झालेल्या तासांची नोंद दाखवल्याशिवाय दहावीची श्रेणी भरणार नाही. तो मंजूर झाला तर उद्यापासून तुमच्या-माझ्या ओळखीतल्या बऱ्याच मुख्याध्यापकांशी वाकडं येईल, हे समजून हात वर करा. अनुमोदकांनी पुढं यावं.

जय हिंद, जय महाराष्ट्र.