अटीचा ठराव

(एका शिक्षणसंस्थेच्या वार्षिक सभेच्या आदल्या दिवशीं सभासदांपुढें केलेलें भाषण)



उद्यां आपल्या संस्थेची वार्षिक सभा आहे. कार्यक्रमपत्रिका आठ दिवसांपूर्वींच तुमच्या हातीं आली आहे. ती कितीजणांनीं वाचली हें विचारून मी कोणास लाजवीत नाहीं. पण त्यांतला चौथा ठराव तेवढा आतां वाचा. मुलींच्या वसतिगृहाचें काम सुरू करावें, मात्र सातव्या ठरावाप्रमाणें जागा घेतल्यानंतर. बरें, आतां सातवा वाचा. जागा घेण्यांत यावी, मात्र वसतिगृहाचें काम रीतसर सुरू झाल्यानंतर. चौथा सातव्याची वाट पाहतो आणि सातवा चौथ्याची! दोन्ही ठराव टाळ्यांच्या गजरांत पास होतील, चहा होईल, आणि वसतिगृहाची एक वीट जाग्यावरून हलणार नाहीं. गंमत अशी कीं, कोणी विरोध केला असें इतिवृत्तांत शोधूनहि सांपडणार नाहीं.

हें कोणीं मुद्दाम केलें असें मी म्हणत नाहीं. पण पूर्वीं कुळकर्ण्याच्या दप्तरांत जी करामत असे, तीच आज 'मात्र' या दोन अक्षरांत आहे. आणि आतां लेखणी आपल्याच माणसांच्या हातीं आहे, म्हणून भटजींच्या नांवानें बोटें मोडून आपली सुटका व्हावयाची नाहीं.

अटीचा ठराव म्हणजे काय तें आधीं नीट समजून घ्या. ठराव तहकूब केला तर मत घेतलेंच जात नाहीं. प्रश्न उघडा राहतो आणि पुढील सभेंत तो पुन्हां विचारतां येतो. अटीवर पास केला तर मत होऊन जातें, पण ठराव झोंपून राहतो. अट पुरी झाली तरच तो जागा होणार. लोकांस वाटतें काम झालें, आणि ते घरीं जातात. म्हणून तहकुबीपेक्षां अट अधिक धोक्याची. नामंजूर ठरावाची चीड तरी येते. अटीवर मंजूर झालेल्याचे पेढे वाटले जातात.

म्हणून सगळ्याच अटी वाईट असें मात्र नव्हे. तिजोरींत पैसा नसतां खर्चाचा ठराव बिनअटीचा करणें हा मूर्खपणा आहे. पाहावयाचें तें एवढेंच कीं, अट कोणाच्या हातांतली आहे आणि ती कोणाच्या मानेवर बसते.

आपल्याच चळवळींतलें उदाहरण घ्या. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच सरकारी शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा तो होता. महाडच्या म्युनिसिपालिटीनें त्यास धरून १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठरावहि केला. पण तळ्याचें पाणी कागदावरच राहिलें. तेव्हां १९२६ च्या ऑगस्टांत बोल्यांनीं दुसरा ठराव आणला: ज्या म्युनिसिपालिट्या व लोकलबोर्डें पहिला ठराव अंमलांत आणणार नाहींत, त्यांना सरकारनें ग्रँट देऊं नये. अट हीहि होतीच! पण ती तहानलेल्याच्या मानेवर नव्हती. पाणी अडविणाराच्या थैलीवर होती. मला त्या माणसाच्या हुशारीचें फार कौतुक वाटतें. तरीहि पुढें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांना हजारों लोकांसह तळ्यावर जावें लागलें, त्याच वर्षीं ४ ऑगस्टला म्युनिसिपालिटीनें आपला ठराव मागें घेतला, आणि हायकोर्टाचा अखेरचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडलें.

आतां आजकालचें घ्या. लोकसभा व विधानसभांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणारी १०६ वी घटनादुरुस्ती २० सप्टेंबर २०२३ रोजीं लोकसभेनें ४५४ विरुद्ध २ मतांनीं पास केली. दुसऱ्या दिवशीं राज्यसभेंत २१४ मतें अनुकूल, विरुद्ध एकहि नाहीं. एवढी एकी आपल्या देशांत लग्नाच्या पंगतींतहि दिसत नाहीं. पण आंत अट होती: कायदा अंमलांत आल्यानंतर जी पहिली शिरगणती होईल तिचे आंकडे बाहेर यावे, त्यांवरून मतदारसंघांची फेरआंखणी व्हावी, आणि मग जागा. शेवटची शिरगणती २०११ ची. २०२१ ची त्या दिवसापर्यंत झालेली नव्हती. २०२४ ची लोकसभेची निवडणूक या कायद्यानें एकहि जागा राखून न ठेवतां पार पडली. मतदारसंघ आंखल्यावांचून कोणत्या जागा राखावयाच्या हें कसें ठरणार, असें समर्थक म्हणाले. पण सरपंचपदाच्या सोडती आपण गांवोगांव पाहिल्या आहेत; आहेत त्या जागांतून चिठ्ठ्या काढतां येतात हें शेतावरच्या बाईलाहि ठाऊक आहे. आणि मागासलेल्या जातींच्या स्त्रियांस वेगळा वांटा द्या, ही सभागृहांत झालेली मागणी तर कायद्याच्या बाहेरच राहिली. विरोध दोघांचा, आणि थांबणें मात्र सगळ्या स्त्रियांच्या वांट्यास!

अट घालणें सोपें, काढणें कठीण, हेंहि लक्षांत असूं द्या. अमेरिकेंत हेन्री रॉबर्ट नांवाच्या लष्करी इंजिनियरानें १८७६ सालीं सभाशास्त्राचें पुस्तक लिहिलें. तिकडच्या सभा अजून त्यावर चालतात. त्या पद्धतींत साध्या बहुमतानें 'मात्र' घुसवितां येतें. पण तेंच पास झालेल्या ठरावांतून पुढें काढावयाचें तर आगाऊ नोटीस द्यावी लागते, नाहींतर दोनतृतीयांश मतें किंवा एकूण सभासदांचें बहुमत लागतें. आपल्या संस्थेचे नियम वेगळे आहेत, तरी नोटिशीची भानगड आपल्याकडेहि आहेच. म्हणून जें करावयाचें तें उद्यां, मत पडण्यापूर्वीं केलें पाहिजे.

तें असें. सभा सुरू होतांच सातवा ठराव चौथ्याच्या आधीं घ्यावा, अशी सूचना करूं. त्याची अट काढून टाकण्याची दुरुस्ती मांडूं. दुरुस्तीवर मत आधीं, मूळ ठरावावर मागाहून. अध्यक्षांनीं घाई केली तर उभें राहून हें सांगा. जागा ठरली कीं चौथ्यांतली अट आपोआप निरुपयोगी होते. जागेचा ठराव पडलाच, तर चौथ्यांत दुसरी दुरुस्ती: तीन महिन्यांत जागा न मिळाल्यास भाड्याच्या घरांत वीस मुलींची सोय करावी, आणि जागा मिळाली कीं नाहीं याचा दाखला चिटणिसांनीं सभासदांस लेखी कळवावा. तारखेवांचून अट नको, आणि दाखला देणारा माणूस नेमल्यावांचून तर नकोच नको.

दोन्ही दुरुस्त्या मीं लिहून आणल्या आहेत. अनुमोदनाला सह्या हव्यात. भगिनींच्या आधीं घ्या, मुली त्यांच्या आहेत. कागद मागच्या बांकापर्यंत फिरूं द्या, आणि पेन ज्याचें त्याला परत मिळालें पाहिजे.